खिडकी उघडायची की लावायची?

चेंबूरहून एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. थोडक्यात सांगते. दोन बेडरूमचं घर, तिसरा मजला, माणसं पाच. सासऱ्यांचं वय त्र्याहत्तर, बरीच वर्षं सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. मुलगा सहा वर्षांचा, यंदाच पहिलीत गेला. जूनपासून तो आठ वेळा सर्दी-तापाने आजारी पडला. त्यातली पाच आजारपणं दिवाळीच्या आधीची, तीन नंतरची. दिवाळीनंतर समोरची जुनी इमारत पाडली आणि तिथे टॉवरचं काम सुरू झालं. सकाळी पुसलेला खिडकीचा कठडा संध्याकाळी पुन्हा राखाडी होतो. डिसेंबरात मुलाच्या पाठोपाठ सासरे आजारी पडले आणि चार दिवस हॉस्पिटलात होते.

तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात, हे सगळं धुळीमुळे. त्यांनी खिडक्या दिवसरात्र लावून टाकल्या आणि नातवाला आजोबांच्या खोलीत यायची बंदी केली. नवरा म्हणतो, व्हायरल होतं, डॉक्टरांनी हवा खेळती ठेवायला सांगितलं आहे. त्याने एअर प्युरिफायर आणला, तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर भलतंच फिरतंय : विषाणू धुळीच्या कणांवर बसून खिडकीतून आत येतात म्हणे. कराडजवळच्या गावी सासू-सासऱ्यांना पाठवावं का, 'तिथली हवा तरी शुद्ध आहे', असंही त्या विचारतात. आणि शेवटी एक वाक्य : 'मुलाला शाळेत घातलं हीच माझी चूक झाली का, असं वाटायला लागलंय.'

ताई,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकी पत्र त्याच्या ओझ्याखाली लिहिलंय. शाळेत नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा, कधी दहा वेळाही सर्दी-ताप होतो. मी ओपीडीत बसायचे तेव्हा पहिलीतल्या मुलांच्या आया वहीत तारखा लिहून आणायच्या आणि ती वही माझ्यापुढे गुन्हा कबूल केल्यासारखी ठेवायच्या. वही वाचून मी एवढंच विचारायचे : मधल्या दिवसांत खेळतो ना? वजन वाढतंय ना? रात्री छातीतून शिट्टी वाजत नाही ना? या तिन्हींचं उत्तर ठीक असेल तर तो नवनव्या विषाणूंशी ओळख करून घेतोय, एवढंच. शिट्टी वाजत असेल किंवा वारंवार न्यूमोनियापर्यंत जात असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना नीट दाखवा. शाळेत घालणं ही चूक नाही. पुढे जाऊ.

तुमच्या घरातलं 'धूळ की विषाणू' हे भांडण नवं नाही. डिसेंबर १९५२ मध्ये, ५ ते ९ तारखेला, लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं. नेहमीपेक्षा सुमारे चार हजार माणसं जास्त दगावली, असा तेव्हाचा हिशेब होता. गंमत पुढे आहे. धुकं उठलं, तरी मृत्यूंचा आकडा खाली येईना. पुढचे दोन-तीन महिने तो चढाच राहिला. सरकारने ते जादा मृत्यू फ्लूच्या खात्यावर टाकले आणि विषय मिटवला. २००१ साली दोन संशोधकांनी जुने आकडे पुन्हा मांडले. फ्लूने त्यातल्या थोड्याच मृत्यूंचा उलगडा होतो, धुराचा वाटा धरला तर एकूण आकडा बारा हजारांच्या आसपास जातो, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई आणि तुमचे यजमान सत्तर वर्षं जुन्या वादात एकेक बाजू धरून बसले आहेत म्हणायचं.

आता तुमच्याच तारखा बघा. पाच आजारपणं दिवाळीच्या आधीची. तेव्हा समोरची इमारत उभी होती. म्हणजे ती पाच तरी बिल्डरच्या माथी मारता येणार नाहीत. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट बहुधा पावसाळ्यात येते. पुण्यात स्वाइन फ्लूने थैमान घातलं तेही २००९ च्या ऑगस्टमध्ये. मुंबईची हवा तर वर्षभरात सगळ्यात स्वच्छ असते ती जुलै-ऑगस्टमध्येच, पाऊस धुऊन काढतो म्हणून. ताप नुसत्या प्रदूषणाने येत असता तर श्रावणात दवाखाने ओस पडले असते.

विषाणू येतो तो माणसाकडून. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक थेंब बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. धूळ आणि धूर वेगळं काम करतात. आपल्या श्वासनलिकेला आतून केसांहून कितीतरी बारीक तंतूंचं अस्तर असतं. ते सेकंदाला दहाएक वेळा हलतात आणि कफाचा चिकट थर, त्यात अडकलेल्या सगळ्या कचऱ्यासकट, वर घशाकडे ढकलतात. सूक्ष्म कण, वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन यांनी हे अस्तर सुजतं, तंतू मंदावतात. फुप्फुसातल्या ज्या पेशींनी विषाणू गिळायचे, त्या काजळी गिळण्यात गुंततात. अशा छातीत तोच विषाणू खोलवर जातो आणि जास्त दिवस मुक्काम ठोकतो. तुमच्या सासऱ्यांची छाती मुळातच अधू आहे. नातवाला तीन दिवसांची सर्दी आणि आजोबांना चार दिवसांचं हॉस्पिटल, हा फरक तिथून येतो. तेव्हा दोन्ही पक्ष अर्धे-अर्धे बरोबर आहेत. (हे घरात सांगताना सासूबाईंना आधी सांगा. अनुभवाने सांगते.)

धुराचा वाटा किती मोठा असू शकतो, याचं एक स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या यूटा राज्यात मिळालं. तिथल्या एका खोऱ्यातला पोलादाचा कारखाना १९८६ च्या ऑगस्टपासून तेरा महिने बंद होता. थंडी तीच, शाळा त्याच, सर्दीचे विषाणू नेहमीचेच. तरी कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्यासाठी जितकी मुलं दाखल होत, त्याच्या निम्मी किंवा तिसरा हिस्साच त्या बंदच्या हिवाळ्यात दाखल झाली.

ग्रुपवरच्या संदेशालाही एक मूळ आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटलीतल्या बर्गामो भागात हवेतले धूलिकण गोळा केले, तेव्हा काही नमुन्यांत करोना विषाणूच्या जनुकांचे अंश सापडले. बातमी झाली ती 'धुळीवरून करोना पसरतो' अशी. जनुकाचा तुकडा सापडणं म्हणजे जिवंत, संसर्ग करू शकणारा विषाणू सापडणं नव्हे. रस्त्यात तुटकी चप्पल दिसली म्हणून माणूस तिथेच उभा आहे असं होत नाही, तसंच हे. उघड्यावर वारा आणि ऊन त्याला फार वेळ टिकू देत नाहीत. समोरच्या साइटवरून विषाणू उडत तुमच्या घरात येतील, ही भीती सोडून द्या. बंद खोलीत शेजारी बसून खोकणारा माणूस हा खरा मार्ग.

आणि म्हणूनच चोवीस तास लावलेल्या खिडक्यांबद्दल मला काळजी वाटते. तुमच्या कठड्यावर जी राखाडी दिसते ती बहुतेक जाड धूळ. ती नाका-घशात अडकते, त्रास देते, पण फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती डोळ्यांना न दिसणारी : पीएम २.५, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहून बारीक. ती येते गाड्यांच्या, जनरेटरच्या, जाळलेल्या कचऱ्याच्या धुरातून, आणि स्लायडिंग खिडकीच्या फटीतून लावल्यावरही आत येतच राहते. म्हणजे कायम बंद खिडकीने जाड धूळ अडते, बारीक निम्मीशिम्मी अडते आणि माणसांच्या श्वासातलं सगळं मात्र आत कोंडून राहतं.

'उघडी की बंद' ऐवजी 'कधी आणि कोणती' असं विचारा. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, थंड हवा खाली बसते आणि धूर वर जायला वाट राहत नाही. मध्यरात्रीपासून सकाळी दहापर्यंत मुंबईची हवा सर्वांत वाईट असते. ऊन चढलं की हवा वर-खाली ढवळते, दुपारी समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि दोन ते पाचच्या दरम्यान कण सगळ्यात कमी होतात. पण तुमच्याकडे दुपारी साइट चालू असते, हा तिढा आहे. मग साइटकडच्या खिडक्या लावून स्वयंपाकघराची मागची खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. साइटवर जेवणाची सुट्टी होते, ब्रेकर थांबतो, ट्रकची ये-जा थांबते, तेव्हा सगळ्या खिडक्या अर्धा तास सताड उघडा. कितीला सुट्टी होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल, तो आवाज बंद झालेला मुंबईकराला लगेच कळतो. घरात कोणी तापाने पडलं असेल त्या दिवसांत मात्र बाहेरचा आकडा थोडा वाईट असला तरी खिडकी उघडण्याकडे झुकतं माप द्या.

आकड्यावरून आठवलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा मागच्या चोवीस तासांची सरासरी असतो. आत्ता खिडकी उघडू का, याचं उत्तर त्यात नाही. जवळच्या केंद्राचा तासातासाचा पीएम २.५ चा आकडा शोधून बघा. आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली १५. एक्यूआय शंभरपर्यंत असेल तर ॲप 'समाधानकारक' म्हणतं, पण ते धडधाकट माणसाचं समाधान. सीओपीडीच्या माणसाला त्याच्या आतच त्रास सुरू होऊ शकतो.

सासरे सकाळी सहाला फिरायला जातात असं पत्रात ओझरतं आलंय. पहाटेची हवा शुद्ध, हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात बसलंय, आणि गाड्या नव्हत्या तेव्हा ते खरंही असेल. आताच्या जानेवारीत पहाटे सहाला रस्त्याकडेने फिरणं म्हणजे दिवसातली सगळ्यात घाण हवा मोठमोठे श्वास घेऊन आत ओढणं. मार्चपर्यंत त्यांचं फिरणं दुपारी चारच्या पुढे न्या. 'त्या वेळी मित्र नसतात' असं ते म्हणतील. मित्रांनाही हे वाचायला द्या.

प्युरिफायर चांगला आहे, जागा चुकली आहे. तो धूलिकण पकडतो आणि श्वासातून तरंगणारे विषाणूंचे थेंबही पकडतो, कारण त्याला दोन्ही सारखेच. म्हणजे खिडकी लावावी लागते त्या वेळेचा उपाय तुमच्या घरात आधीच आहे, फक्त तो मालिका बघत बसलाय. रात्री तो सासऱ्यांच्या खोलीत हवा. त्यांची खोली दहा बाय बारा असेल तर आतली हवा साधारण तीस घनमीटर. तासाला पाच वेळा ती गाळायची तर यंत्राची क्षमता ताशी १५० घनमीटर लागते. खोक्यावर 'सीएडीआर' म्हणून लिहिलेला आकडा बघा, यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं ते त्यावरून कळतं. तो सगळ्यात वरच्या वेगाचा असतो. आवाज नको म्हणून बारीक चालवला तर काम तेवढं कमी होतं. झोपायच्या आधी तासभर जोरात, मग मधल्या वेगावर. ओझोन सोडणारं किंवा आयनवालं बटण असेल तर ते बंदच ठेवा. नवीन यंत्र घेणं प्रत्येकाला परवडत नाही, हे मला कळतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी निदान आजारी माणसाची खोली, मागची खिडकी आणि एक्झॉस्ट, एवढं जमवलं तरी बराच फरक पडतो.

आता थोडं अवघड. सासूबाई संध्याकाळी आजोबांच्या खोलीत धूप फिरवतात, 'हवा शुद्ध व्हावी म्हणून', आणि रात्री डासांची कॉइल लावतात. बाहेरच्या धुळीवर एवढा जागता पहारा आणि आत हे. कॉइलबद्दल २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला : एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात. बंद खिडक्यांच्या खोलीत, सीओपीडीच्या माणसाच्या उशाशी! कॉइल आजच बंद करा, मच्छरदाणी लावा. धुपाबद्दल सुनेने बोललं की शब्दाला शब्द वाढतो. हे काम त्यांच्या मुलाने, म्हणजे तुमच्या यजमानांनी करावं, किंवा पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर नेऊन डॉक्टरांकडून वदवून घ्यावं. देवापुढचं निरांजन राहू दे. धूप गॅलरीत. फोडणी टाकताना एक्झॉस्ट आधी लावायचा, ठसका लागल्यावर नाही.

गावाचं म्हणाल तर कराडचा पट्टा मी ओळखते. हा उसाच्या गळिताचा हंगाम. तोड झाली की फडातलं पाचट पेटवतात, गुऱ्हाळाची चुलवणं धडधडतात, घराघरात पाणी तापवायला अजून चूल किंवा बंब. चित्र डोळ्यांपुढे आणा आणि मग 'शुद्ध' म्हणा. मुंबईपेक्षा तिथे बरं वाटणारे दिवस जरूर असतील, पावसाळ्यात तर असतीलच. पण फेब्रुवारीत मध्यरात्री दम लागला तर ऑक्सिजन असलेलं हॉस्पिटल किती अंतरावर आहे, गाडी कोण काढणार, हे आधी लिहून काढा. शिवाय तिकडे नात्यातली मुलं आहेतच, आणि त्यांनाही सर्दी होते. सासऱ्यांना स्वतःला जायचं असेल तर पावसाळ्यात खुशाल जाऊ द्या. त्यांनाच विचारलंत का? पत्रात सासूबाई काय म्हणतात ते आहे, नवरा काय म्हणतो ते आहे. ज्यांच्या फुप्फुसांवरून हे चाललंय त्यांचं एकही वाक्य नाही.

त्यांच्यासाठी काही गोष्टी ताबडतोब करण्यासारख्या आहेत. फ्लूची लस दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. यंदा राहिली असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकॉकलची लस झाली आहे का तेही विचारा. इनहेलर डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा. वर्षानुवर्षं वापरणारी कितीतरी माणसं तो जिभेवर मारतात आणि औषध छातीत जातच नाही. इनहेलरला स्पेसर (पुढे जोडायची पोकळ नळी) लावला की सोपं होतं. बरे असताना ऑक्सिमीटरवर त्यांचा आकडा किती येतो तो फ्रीजवर लिहून चिकटवा. सीओपीडीत तो मुळातच कमी असू शकतो, म्हणून शेजाऱ्यांच्या आकड्याशी तुलना करू नका. त्यांच्या नेहमीच्यापेक्षा तीन-चारने घसरला, कफ वाढून पिवळा-हिरवा झाला, वाक्य पुरं करताना दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. ओठ निळसर दिसले किंवा ते गुंगीत वाटले तर थेट हॉस्पिटल. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरच्या घरी सुरू करू नका. वाफेने विषाणू मरत नाही, उकळत्या पातेल्याने भाजलेली मुलं मात्र मी पाहिली आहेत.

साइटचं सोसायटीने बघायचं, तुम्ही एकटीने नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले. एक एकराहून मोठ्या प्लॉटला पस्तीस फूट उंच पत्रे, लहान प्लॉटला पंचवीस फूट, हिरवं कापड ओलं करून, पाण्याची फवारणी, झाकलेले ट्रक, बाहेर पडताना चाकं धुणं. मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी हा विषय स्वतःहून हाती घेतला. तारीख-वेळ दिसेल असे फोटो आठवडाभर काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला द्या. 'फार धूळ होते' असं लिहू नका, 'अमुक दिवशी इतके ट्रक न झाकता बाहेर पडले' असं लिहा.

राहता राहिली आजोबांच्या खोलीची बंदी. मुलाला ताप किंवा वाहती सर्दी असेल ते पहिले चार-पाच दिवस दूर ठेवा. ताप औषधाशिवाय उतरून चोवीस तास होईपर्यंत शाळाही नको. त्या दिवसांत जेवणं वेगळ्या वेळी, आजोबांचं औषधपाणी आजाऱ्याजवळ न बसणाऱ्या माणसाने बघायचं, बघणाऱ्याला स्वतःला सर्दी असेल तर नीट बसणारा एन९५. आणि तुम्ही दोघं लोकलने घरी येता, तुमचीही सर्दी सर्दीच असते, हे विसरू नका. सगळं पोराच्या नावावर कशाला? एरवी शाळेतून आला की हातपाय, तोंड धुऊन, कपडे बदलून सरळ आत. तुम्ही लिहिलंय की तो हल्ली दारातच उभा राहून आजोबांना क्रेन कुठवर आली ते ओरडून सांगतो. ओरडताना तर थेंब जास्तच उडतात. साइटवर जेवणाची सुट्टी झाली, खिडकी उघडली, की सुट्टीच्या दिवशी त्या खिडकीशी दोन खुर्च्या मांडा. एक आजोबांची, एक त्याची.